चौकटीत घुसणारा माणूस

कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस गावी लहान मुलांच्या गाड्यांची शर्यत चालली आहे. साल १९१४. रस्त्याच्या दुतर्फा माणसं, आणि शर्यतीचं चित्रण करायला आलेला एक कॅमेरा. तेवढ्यात एक इसम येऊन बरोबर कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. ढगळ पँट, अंगाला आवळलेला कोट, टीचभर हॅट, पायांपेक्षा मोठे बूट, हातात काठी. दिग्दर्शक त्याला हाकलतो. तो दोन पावलं जातो आणि रमतगमत परत येतो. मग त्याला ढकलून पाडतात. तो उठतो, कपडे झटकतो आणि पुन्हा चौकटीत. सहा-सात मिनिटांच्या या मूकपटात दुसरं काहीच घडत नाही.

७ फेब्रुवारी १९१४ ला हा लघुपट प्रदर्शित झाला आणि चार्ली चॅप्लिनचा तो भटक्या, ट्रॅम्प, प्रेक्षकांना पहिल्यांदा दिसला. चॅप्लिन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. शर्यत खरी होती, गर्दीही खरी होती. हा नट आहे हे त्या गर्दीला ठाऊक नव्हतं. म्हणून हा लघुपट कधी पाहिलात तर चॅप्लिनकडे थोडं कमी आणि त्याच्या मागच्या लोकांकडे जरा जास्त पाहा. आधी कपाळावर आठी, ‘कोण हा मधेमधे करणारा?’ मग कुणीतरी हसतं. मग शेजारचा हसतो. थोड्या वेळानं काहींची नजर शर्यतीवरून उठून याच्यावर आलेली असते.

कुठल्याच चौकटीत न बसणं, एवढंच ज्याचं भांडवल, असा हा माणूस पुढे १९३६ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, जगाचा लाडका राहिला. का? त्याला हाकलणारा दिग्दर्शक आपल्याला का आवडत नाही? खरं तर काम तोच करत होता.

मराठीत अशा माणसांसाठी शब्दांची चणचण नाही. वल्ली, नग, अवलिया, चक्रम, तऱ्हेवाईक, लहरी, येडा. पण ही यादी जरा निरखून पाहिली तर तिच्यात स्वभावापेक्षा ऐपत जास्त दिसते. पैसेवाला असेल तर लहरी, गाणारा असेल तर अवलिया, कचेरीत असेल तर चक्रम, आणि फाटक्या शर्टात चौकात उभा असेल तर येडा. वागणं चौघांचंही एकच असू शकतं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आणि अशा माणसांवर जीव लावायला आपल्याला सिनेमानं शिकवलेलं नाही. महानुभाव पंथाला पूज्य असलेले तेराव्या शतकातले ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, म्हाइंभटांनी टिपलेल्या लीळांमधून, म्हणजे त्यांच्या आठवणींमधून, दिसतात ते असेच. कुणाच्याही घरात शिरतात, हवं ते उचलून खातात, मनात येईल तसे हसतात, रुसतात. गाव त्यांना वेडं म्हणतं आणि तेच गाव त्यांना मायबापही म्हणतं. दोन्ही एका दमात. सातशे वर्षांनंतर आपण तिकीट काढून अंधारात बसतो आणि जवळजवळ तेच करतो.

आता मूळ मुद्दा. विक्षिप्त पात्र म्हणजे नियम न पाळणारं पात्र, असं आपण धरून चालतो. पडद्यावरचे गाजलेले विक्षिप्त लोक एकेक करून आठवले तर चित्र उलटं निघतं. ते नियम पाळतातच, आणि चारचौघांपेक्षा कितीतरी कडक पाळतात. फक्त तो नियम त्यांचा स्वतःचा असतो, नाहीतर सगळ्यांचा असूनही पाळणारा तो एकटाच उरलेला असतो.

चॅप्लिनच्या १९३१ च्या ‘सिटी लाइट्स’ची सुरुवात घ्या. शहरात एका भव्य स्मारकाचं अनावरण आहे. भाषणं होतात, पडदा वर जातो, तर पुतळ्याच्या मांडीवर हा भटक्या गाढ झोपलेला. प्रतिष्ठितांचा आरडाओरडा सुरू होतो. खाली उतरण्याच्या धडपडीत त्याची पँट दुसऱ्या पुतळ्याच्या तलवारीत अडकते आणि तो तसाच लोंबकळायला लागतो. नेमकं त्याच वेळी बँडवर राष्ट्रगीत वाजतं. आणि हा, तलवारीला अडकलेल्या अवस्थेत, हॅट काढून ताठ उभं राहायला बघतो. पाय टेकत नाहीत, तरी बघतो. राष्ट्रगीताचा मान त्या दिवशी सगळ्यांनीच राखला, पण त्यासाठी जिवाचा आटापिटा करावा लागला तो एकट्यालाच. आपण हसतो ते त्याच्या फजितीला. पण तो मनात घर करतो त्याचं कारण त्या काढलेल्या हॅटमध्ये आहे.

त्याच्या कपड्यांतही हेच शिवलेलं आहे. वेशातली प्रत्येक गोष्ट दुसरीच्या विरुद्ध जावी अशी आपली कल्पना होती, असं चॅप्लिननं पुढे आत्मचरित्रात सांगितलं. पँट सैल तर कोट घट्ट, हॅट छोटी तर बूट मोठे. कमरेखाली भिकारी, कमरेवर साहेब. आपल्याकडे १९७१ च्या ‘सोंगाड्या’त दादा कोंडक्यांनी वेगळ्या मातीतून हीच युक्ती केली. घोट्यापर्यंत न पोचणारी ढगळ चड्डी आणि तिची लोंबती नाडी. वय बाप्याचं, चड्डी पोराची. हा नाम्या आईला घाबरतो आणि तमाशाला जातो. हे दोन्ही तो तितक्याच मनापासून करतो. नाडी दिसली की पुढचं सांगावं लागत नाही.

यावरून फसलेलं विक्षिप्त पात्र ओळखायची खूणही हाती लागते. फसलेल्या पात्राच्या सवयी एकमेकींना ओळखत नाहीत. तो कासव पाळतो, पावसात छत्री मिटतो, चहात लोणचं बुडवतो, आणि या तिन्हींचा आपसात काही संबंध नसतो. लेखकानं चिवड्यात हाताला लागेल ते टाकावं तसं ते झालेलं असतं. पात्र जमलेलं असेल तर प्रेक्षक पैज लावू शकतो: आता हा काय करील, सांगू? आणि पैज जिंकूनही त्याला हसू येतं. माझ्या मते विक्षिप्त पात्राची एवढी एक परीक्षा पुरे. वागणं विचित्र हवं, पण अंदाज बांधता यायला हवा.

मग पुढचा प्रश्न येतो. असा पक्का माणूस प्रत्यक्षात भेटला तर आपल्याला त्याचा वैताग येतो. पडद्यावर तोच आवडतो. मधे काय घडतं?

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यानं १९०० साली हसण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातली एक गोष्ट इथे फार कामाची आहे. हसू ही समाजाची छोटीशी शिक्षा आहे, असं तो म्हणतो. जो माणूस परिस्थितीप्रमाणे वाकत नाही, यंत्रासारखा आपल्याच तालात चालतो, त्याला आपण हसून भानावर आणतो. पण असं हसायचं तर हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. त्याचं दुखणं कळलं की हसू अडतं.

सिनेमा या भुलीचा डोस हवा तसा कमीजास्त करू शकतो. आधी आपल्याला गर्दीबरोबर हसू देतो आणि मग कॅमेरा त्या माणसाच्या खोलीत नेतो. गावाला दिसते ती फक्त कृती, आपल्याला तिचं कारणही दिसतं. २००९ मध्ये आलेल्या परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ची सगळी गंमत यावरच उभी आहे. दादासाहेब फाळक्यांची ही गोष्ट बाहेरून मांडली तर करुण आहे. हातचा छापखान्याचा धंदा सुटलेला, घरात पोरंबाळं, आणि हा गृहस्थ हलती चित्रं पाहून पाहून डोळे बिघडवून घेतो, विमा गहाण टाकून लंडनला जातो, परत येऊन कुंडीत वाटाणा पेरतो आणि रोज त्याचं एकेक चित्र घेत बसतो. शेजाऱ्याला काय दिसणार? एक भ्रमिष्ट माणूस आणि एक वाटाणा.

आपण घराच्या आत असतो. तो कोंब पडद्यावर भराभर वाढताना पाहिला की लोकांची कशी गाळण उडणार आहे, हे त्याच्याबरोबर आपल्यालाही कळलेलं असतं. आणखी एक गोष्ट. त्याची बायको सरस्वतीबाई त्याला वेडा ठरवत नाहीत. त्या कामाला लागतात. विक्षिप्त पात्राशेजारी त्याच्यावर विश्वास ठेवणारं एक शहाणं माणूस उभं केलं की प्रेक्षकाचं अर्धं काम होतं, कारण मग ‘हा वेडा आहे का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘याचं जमेल का?’ हा पुढे येतो. चित्रपटाच्या नावामागची हकीकतही तशीच झकास आहे. सिनेमात काम करणं तेव्हा अब्रूदाराचं लक्षण नव्हतं. म्हणून मंडळींना सांगून ठेवलेलं: कुणी विचारलं तर म्हणा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. खोटं बोलायचं, पण नाव घ्यायचं हरिश्चंद्राचं! त्या फॅक्टरीत तारामती झाले ते अण्णा साळुंके उपाहारगृहात काम करणारे पुरुष होते. आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये हा सगळा वेडेपणा लोकांनी पैसे देऊन पाहिला.

फाळके जिंकले म्हणून ती गोष्ट पचायला सोपी जाते. यशस्वी झालेल्या वेडाला आपण मागाहून ध्येय म्हणतो. पण जो बरोबर आहे याची काहीच खात्री नाही, असा विचित्र माणूसही आपल्याला का धरून ठेवतो? इथे मानसशास्त्रातला एक प्रयोग आठवतो. सिनेमाशी त्याचा दूरान्वयानंही संबंध नाही.

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग १९५० च्या आसपासचे. एका खोलीत काही तरुण बसलेले. समोर एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. उत्तर इतकं उघड की एकटा माणूस जवळजवळ कधीच चुकत नाही. पण त्या खोलीत एकच माणूस खरा पाहुणा असायचा. बाकीचे सगळे सामील. ठरावीक फेऱ्यांना ते सगळे एकमुखानं चुकीचं उत्तर देत. पाहुण्याची पाळी शेवटाकडे. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की चारचौघांवर? अशा फेऱ्यांमधली एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं पाहुण्यांनी गर्दीच्या बाजूनं, म्हणजे चुकीची दिली. चारांतले तीन जण निदान एकदा तरी वाकले.

एवढं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. अॅशनं त्या गर्दीतला एक जण फोडला. त्यानं बरोबर उत्तर द्यायचं. बस्, एवढ्यानं पाहुण्यांचं वाकणं साधारण पाव हिश्श्यावर आलं. मग त्यानं आणखी एक करून पाहिलं. फुटलेल्या माणसानं बरोबर उत्तर द्यायचंच नाही, गर्दीपेक्षाही जास्त चुकीचं द्यायचं. तरी पाहुणे सुटले. चुका ९ टक्क्यांवर उतरल्या. म्हणजे सोबतीला आलेल्या माणसाचं बरोबर असणं गरजेचं नव्हतं. एकमत मोडलं, एवढं पुरलं. एक जण भलतंच बोलला की दुसऱ्याला स्वतःचं बोलायला जागा होते.

मला वाटतं, पडद्यावरची वल्ली आपल्याला जे देते ते हेच. दिवसभर आपण खोलीत शेवटच्या खुर्चीवर बसलेलो असतो. लग्नात आहेर किती, पोराला कोणत्या शाखेला घालायचं, साहेबाच्या विनोदाला कितपत हसायचं, या सगळ्या रेघांची लांबी आपल्या आधी पाच जणांनी सांगून झालेली असते. संध्याकाळी पडद्यावर एक जण उठून भलतंच उत्तर देतो. त्याचं पटलं पाहिजे असं नाही. तो बोलला, हे पुरेसं असतं.

‘सामना’मधले मास्तर हा याचा मराठीतला सगळ्यात धारदार नमुना. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्यापासून माणसांच्या तोंडापर्यंत सगळं ताब्यात असलेला माणूस. त्याच्या राज्यात श्रीराम लागूंचे मास्तर येऊन पडतात. अक्षरशः पडतात, दारू प्यालेले. एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक, आता कुणाच्याच हिशेबात नसलेला. हिंदुराव त्यांना वाड्यावर ठेवून घेतो. अशी वल्ली पदरी असली की करमणूक होते, आणि पोसण्याइतकी ऐपत आपल्यात आहे हेही चारचौघांना दिसतं.

आणि मग मास्तरांच्या कानावर एक नाव पडतं. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ एवढा एक प्रश्न. मास्तर तो विचारत राहतात. शुद्धीत, बेशुद्धीत, ज्याला त्याला. त्यांच्याकडे पुरावा नाही, प्रतिष्ठा नाही, तोल तर अजिबात नाही. एखाद्या शहाण्यासुरत्या माणसानं हा प्रश्न विचारला असता तर त्याला गप्प करायच्या रीती हिंदुरावाकडे होत्या: पद, पैसा, धमकी. मास्तरांकडे गमावण्यासारखं काही उरलेलंच नाही, त्यामुळे यातली कोणतीच रीत लागू पडत नाही. सगळ्या गावाला रेघ दिसत होती. तोंडानं पहिल्यांदा बोलला तो बेवडा. त्या प्रश्नाचं पुढे मराठीत जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. चित्रपट न पाहिलेली माणसंही तो प्रश्न विचारतात.

आता मघाशी बाजूला ठेवलेली ऐपत.

एडविन हॉलंडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये एक कल्पना मांडली. तिला आपण विक्षिप्तपणाची पत म्हणू. गटाच्या रीतीप्रमाणे वागून, गटाच्या उपयोगी पडून माणूस आधी पत जमवतो. मग त्या पतीवर त्याला थोडं वेडंवाकडं वागता येतं. खात्यात शिल्लक आहे तोवर लोक चालवून घेतात. वाण्याकडची उधारी चालते तसंच. म्हणून निवृत्त प्राध्यापकांनी लुंगीवर मुलाखत दिली तर साधेपणा, आणि नोकरीच्या मुलाखतीला तरुण पोरगा तसा आला तर बाहेरचा रस्ता.

सिनेमातल्या वल्ली आपण याच तराजूत तोलून पाहिल्या तर एक अवघडल्यासारखं सत्य दिसतं. मिरवता येणारा विक्षिप्तपणा बहुतेकदा ज्याची पत मुळात होती त्याच्याकडे असतो. २०१३ च्या ‘फँड्री’तल्या जब्याला काळी चिमणी हवी आहे. ती जाळून तिची राख वर्गातल्या शालू नावाच्या मुलीवर टाकली की शालू आपली होईल, अशी त्याची समजूत. याहून विक्षिप्त हट्ट कोणता? दुसऱ्या एखाद्या घरातल्या पोरानं तो धरला असता तर ती एक गोड बालकथा झाली असती. जब्या कैकाडी समाजातला. त्याला गावात न बसण्याची हौस नाही, बसूच दिलेलं नाही. त्याच्या वेडाला न हसणारा गावात एक जण आहे, चंक्या, सायकलवाला, खुद्द नागराज मंजुळेंनी रंगवलेला. तोही गावाच्या हिशेबात वाया गेलेलाच. पत नसलेल्याला पत देणारा भेटला तोही दिवाळखोर. आणि शेवटी जब्या भिरकावतो तो दगड थेट आपल्या दिशेनं येतो. बर्गसाँची भूल उतरते ती अशी.

बायकांच्या बाबतीत हिशेब आणखी काटेकोर. विचित्र बाप्या वल्ली होतो, विचित्र बाईला तो शब्द फारसा मिळत नाही. ‘उंबरठा’ (१९८२) मधली सुलभा, म्हणजे स्मिता पाटील, काही विक्षिप्त वागतही नाही. तिला काम करायचं आहे. त्यासाठी ती घर सोडून एका महिलाश्रमाची अधीक्षक होते. एवढ्यानंच ती घरात बसेनाशी होते, आणि आश्रमात तर ती आधीपासूनच बसत नसते. चित्रपट एका क्षणालाही तिला हसण्याची सोय करून देत नाही. तिच्या वाट्याला काठी नाही, हॅट नाही, लोंबती नाडी नाही. असा विदूषकी अंगरखा बाईला चढवून तिच्यावर मनापासून प्रेम करणारा मराठी चित्रपट मला चटकन आठवत नाही. तो का आठवत नाही यावर वेगळा लेख होईल.

प्रत्यक्षातल्या वल्लीबद्दलही थोडं. आमच्या जुन्या वाड्यात एक काका होते. जिन्याखालच्या भिंतीवर ते रोज खडूनं तापमान लिहीत. कुणी ‘यंदा फारच उकडतंय’ म्हणालं की हाताला धरून भिंतीपाशी नेत आणि गेल्या वर्षीचा आकडा दाखवत. गेल्या वर्षी जास्त होता. त्या माणसाला दर वेळी बरोबर असण्याची खोड होती आणि वाड्यात त्याचा सगळ्यांना जाच होता. मलाही. सिनेमात हे काका आले असते तर मी त्यांच्या बाजूनं शिट्टी मारली असती. फरक इतकाच की सिनेमातले काका दोन तासांनी जातात, आणि उकडत असताना कुणी आपल्याला खडूचे आकडे दाखवलेले नसतात.

ही दोन तासांची सोय काढून घेणारा चित्रपट म्हणून मला उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ (२०११) मोठा वाटतो. मंगरूळ गावचा केश्या, म्हणजे गिरीश कुलकर्णी, गुरं राखणारा. करडी गाय शोधता शोधता माळावर औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतात. तो बोंबलत गावभर सांगत सुटतो. येड्याचं कोण ऐकतं? पण इथे ऐकतात. कारण या वेळी येड्याच्या येडेपणाला भाव आहे. गावातले अण्णा म्हणतात गावाला दवाखाना हवा, गाव म्हणतं देऊळ. देऊळ होतं, दुकानं येतात, गर्दी येते. आता गाव शहाणं आणि श्रीमंत, आणि ज्याला दर्शन झालं तो केश्या त्याच देवळात उपरा.

केश्याचा नियम पहिल्यापासून एकच आहे: देव खरा. गावाचा नियम मधल्या मधे बदलला. शेवटी केश्या देवळातली मूर्ती उचलतो, गावाबाहेर नेतो आणि नदीत सोडतो. दुसऱ्या एखाद्या चित्रपटात इथे गावाचे डोळे उघडले असते, आपण डोळे पुसले असते आणि हलक्या मनानं गाडी पार्किंगमधून काढली असती.

मंगरूळमध्ये नवी मूर्ती येते.